चायनीज एल्मला वळण लावताना

नर्सरीत ‘बॉन्साय’ म्हणून मिळणारा कोवळा चायनीज एल्म बहुतेक वेळा एकाच साच्यातून निघालेला असतो. निळी चकचकीत कुंडी, मातीवर गोंदाने चिकटवलेले पांढरे खडे, इंग्रजी एस अक्षरासारखं दोनदा वाकवलेलं खोड आणि टोकाला हिरवा झुबका. माझाही तसाच होता. उंची ३५ सेंटिमीटर, खोड बुडापासून वरपर्यंत जेमतेम २ सेंटिमीटर. नळाची रबरी नळी वाकवून कुंडीत खोचल्यासारखं दिसायचं.

दोन वर्षं मी नेमाने त्या झुबक्याचे शेंडे खुडले आणि बुंधा जाड व्हायची वाट पाहिली. तो झाला नाही, आणि होणारही नव्हता. खोडाला जाडी येते ती पानांनी बनवलेल्या अन्नावर; इथे पानं मीच खुडत होतो आणि मुळांना पसरायला वीतभरही जागा नव्हती. उथळ कुंडी ही तयार झालेल्या झाडाची जागा आहे. तयार व्हायच्या झाडाला तीत ठेवणं म्हणजे सहावीतल्या पोराला लग्नाचा सूट शिवून त्यातच वाढवण्यासारखं. म्हणून कोवळ्या एल्मला आकार द्यायचा तर पहिलं काम म्हणजे त्याला बॉन्सायच्या कुंडीतून बाहेर काढणं. मग मोकाट वाढू देणं, मग कापणं. फांद्या वाकवायच्या तारेचा नंबर त्यानंतर लागतो.

पुढची वेळापत्रकं पुण्यातल्या गच्चीची आहेत. मुंबई-कोकणात थंडी नसल्यामुळे झाड जवळपास वर्षभर हिरवं राहतं, तरी मोठी कामं नवी फूट येण्याच्या तोंडावर करायची हा नियम तिथेही चालतो. आणि कुणी लंडन किंवा न्यू जर्सीत हे झाड सांभाळत असेल, तर तिथे ते हिवाळ्यात पानं गाळून बसेल. माझ्या फेब्रुवारीच्या जागी तिथला मार्च धरा.

आधी झाड समजून घ्या

चायनीज एल्म म्हणजे उल्मस पार्विफोलिया. चीन, कोरिया, जपान हा त्याचा मुलूख. पान लहान, कडेला करवतीसारखे दाते, आणि देठापाशी पानाच्या दोन बाजू एकसारख्या उंचीवर न जुळणाऱ्या. आपला वावळ, ज्याच्या गोल पापड्यांचा उन्हाळ्यात रस्त्यावर सडा पडतो, तो याच कुळातला. पण वावळाचं पान तळहाताएवढं होतं आणि चायनीज एल्मचं अंगठ्याच्या नखापर्यंत लहान करता येतं, म्हणून बॉन्सायसाठी हा सोयीचा.

याचे दोन स्वभाव लक्षात ठेवले की निम्मं काम झालं. एक, जुन्या लाकडातूनही हा फुटतो. खोड मध्येच कापलं तरी साल आणि लाकूड यांच्या मधल्या कडेवरून फुटवे येतात. दोन, पानं फांदीवर एकाआड एक, डावीकडे-उजवीकडे अशी येतात. कुठल्या पानापाशी कापायचं यावर पुढची फांदी कुठे वळेल ते ठरतं. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग भागात लिंगनान नावाची परंपरा आहे, तिचा सगळा डोलारा यावरच उभा आहे: तारेऐवजी कात्री, वाढू दे आणि काप, पुन्हा वाढू दे आणि काप. एल्म हे तिथलं लाडकं झाड.

बुडाशी काय आहे ते बघा

जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, फांद्यांवरचे डोळे, म्हणजे न उमललेले कोंब, नुकते फुगायला लागलेले असताना झाड कुंडीतून काढा. चिकटवलेले खडे असतील तर तो थर आधी कोमट पाण्यात भिजवून सोलून काढावा लागतो. त्या थराखाली पाणी कधी नीट झिरपतच नाही, कडेने निघून जातं. माझ्या झाडाचा मधला मातीचा गोळा कोरडा ठणठणीत आणि विटेसारखा घट्ट निघाला.

आता घाई न करता बांबूच्या काडीने खोडाजवळची माती उकरत खाली जा. खोड जिथे रुंद होऊन मुळांत शिरतं ती जागा सापडेपर्यंत उकरायचं. ती अनेकदा दोन-तीन सेंटिमीटर खाली गाडलेली असते. मला तिथे जे दिसलं ते असं: समोरच्या बाजूला तीन बरी मुळं आडवी गेलेली, मागे एकही नाही, आणि एक पेन्सिलीएवढं मूळ स्वतःच्याच खोडाला गळ्यातल्या मफलरसारखा वेढा घालून परत आलेलं. असं वेढा घातलेलं मूळ कापायलाच हवं. आज ते निरुपद्रवी वाटतं. खोड जाडावलं की ते सालीत रुतून फुगवटा करतं आणि तेव्हा कापून उपयोग नसतो.

बाकी मुळांचा हिशेब सरळ आहे. खाली जाणारी जाड मुळं खोडाच्या तळाशी आडवी कापा. आडवी गेलेली ठेवा, पण लांबीने तिसरा हिस्सा कमी करा, म्हणजे ती पुढे फाटे फोडतील. एकावर एक चढलेली दोन असतील तर वरचं काढा. बारीक केसासारखी मुळं शक्य तितकी राखा. हे सगळं सावलीत आणि मुळांवर सतत पाणी फवारत करायचं. फोन वाजला तर वाजू द्या.

कापलेली जाड मुळं टाकू नका. एल्म मुळाच्या तुकड्यापासूनही उगवतो. सात-आठ सेंटिमीटरचे तुकडे करा, खोडाकडचं टोक वर ठेवा आणि तेवढं टोक सेंटिमीटरभर मातीबाहेर राहील असे उभे लावा. उलटे लावले तर गेले, म्हणून कापतानाच वरच्या टोकाला सरळ काप आणि खालच्या टोकाला तिरका काप द्यायची सवय ठेवा. त्यातल्या वेड्यावाकड्या तुकड्यांची झाडं नर्सरीतल्या एसपेक्षा कधीकधी जास्त देखणी निघतात.

मुळं फारच एकांगी असतील, माझ्यासारखी, तर दुसरा रस्ता गूटीचा, म्हणजे खोडालाच वरच्या जागी नवी मुळं फुटवायचा. डाळिंबाला बांधतात तशीच: पावसाच्या सुरुवातीला, जिथून नवी मुळं हवीत तिथे खोडाच्या जाडीच्या दीडपट रुंद सालीचा गोल काढायचा, लाकूड गुळगुळीत खरवडायचं, ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) दाबून बसवायचं आणि वरून प्लास्टिक घट्ट बांधायचं. एल्म गूटीला चांगली साथ देतो. दीड-दोन महिन्यांत मुळं प्लास्टिकमधून दिसू लागतात. चारही बाजूंनी मुळं मिळायची ही सगळ्यात खात्रीची वाट. मी मात्र ती निवडली नाही. तीन मुळं समोर घेतली आणि मागची उणीव मागेच ठेवली.

मोकाट सोडायचं दोन वर्षं

झाड आता मोठ्या भांड्यात जातं. मी भाजीची जाळीदार प्लास्टिक टोपली वापरतो, साधारण ३० सेंटिमीटर रुंद. टोपलीच्या भोकांशी मूळ आलं की हवेने त्याचं टोक सुकतं आणि मागून फाटे फुटतात. कुंडीत होतात तशी मुळांची गोल गोल वेटोळी होत नाहीत. खोडाच्या बरोबर खाली एक फरशीचा तुकडा किंवा जुनी सीडी ठेवा. मुळांना खाली जायला वाव राहत नाही, ती आडवीच पसरतात.

मातीबद्दल आपल्याकडे उगाच गूढ करून ठेवलंय. आकादामा ही बॉन्सायची जपानी दाणेदार माती मागवायची गरज नाही. मऊ लाल विटांचे तुकडे फोडून दोनदा चाळा: ६ मिलिमीटर भोकांच्या चाळणीवर राहील ते मोठं म्हणून बाजूला, ३ मिलिमीटरच्या चाळणीतून पडेल ती धूळ म्हणून बाहेर. मधलं, ३ ते ६ मिलिमीटरचं, ते आपलं. हे दोन भाग, पोयटा एक भाग, कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत किंवा धुतलेलं कोकोपीट एक भाग. काळी माती नको. ती भिजली की फुगते, सुकली की भेगा पडतात, आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. विटेची धूळ काढायचा कंटाळा करू नका. पाणी तुंबतं ते तिच्यामुळे.

झाड टोपलीला तारेने किंवा सुतळीने घट्ट बांधा. हलणाऱ्या झाडाची नवी मुळं धरत नाहीत. पहिले दोन-तीन आठवडे सावली, मग हळूहळू ऊन. दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन हवंच, एप्रिल-मेमध्ये दुपारपुरती ५० टक्क्यांची शेडनेट. हे झाड हॉलमधल्या टीपॉयवर शोभत असलं तरी तिथे जगत नाही.

आणि मग काहीही कापायचं नाही. हा सगळ्यात कठीण टप्पा. फांद्या मीटरभर लांब जातात, झाड विस्कटतं, घरातले विचारतात की ‘हे बॉन्साय आहे ना?’ हो म्हणायचं. खोडाच्या खालच्या भागात मागच्या बाजूला एखादी फांदी असेल तर तिला तर मुळीच हात लावू नका. ती जितकी धावेल तितका तिच्या खालचा बुंधा फुगेल. काम झालं की ती काढून टाकायची. बळीची फांदी म्हणा हवं तर.

या काळात खत सढळ हाताने. शेंगदाण्याची पेंड भिजवून, आंबवून, चहाच्या पाण्याच्या रंगाची होईपर्यंत पातळ करून पंधरा दिवसांनी. किंवा वासाची तक्रार येत असेल तर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला एक ग्रॅम. नुकतीच मुळं कापलेल्या झाडाला मात्र महिनाभर खत नाही.

दोन पावसाळ्यांनंतर माझा बुंधा बुडाशी ४ सेंटिमीटरच्या थोडा पुढे गेला.

मोठा काप

बॉन्सायमध्ये एक ढोबळ प्रमाण चालतं: झाडाची उंची बुंध्याच्या जाडीच्या सहापट. ४ सेंटिमीटर बुंधा म्हणजे २५ सेंटिमीटरच्या आसपासचं झाड. त्यातला खालचा तिसरा हिस्सा हे खोडाचं पहिलं पेर. म्हणजे काप जमिनीपासून ८-९ सेंटिमीटरवर. माझ्या झाडाचं पहिलं वळण बरोबर तिथे संपत होतं, म्हणून एसमधलं तेवढं वळण राहिलं आणि वरचं सगळं गेलं.

फेब्रुवारीत, पुन्हा डोळे फुगताना, बारीक दाताच्या करवतीने आडवं कापा. सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, एवढं जाड खोड चेचलं जातं. काप धारदार चाकूने गुळगुळीत करा आणि कडेला, जिथे साल आणि लाकूड भेटतात, तिथे कट पेस्ट, म्हणजे झाडाची जखम झाकायचा लेप, लावा. बोर्डो पेस्टही चालते. त्याच दिवशी मुळांना हात लावू नका. मुळं पूर्ण ताकदीची असतील तरच वरून जोमाने फूट येते.

पानं नाहीत म्हणजे झाड पाणी पीत नाही, हे विसरून लोक रोजच्यासारखं पाणी घालतात आणि मुळं कुजवतात. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी.

तीन ते पाच आठवडे काही दिसत नाही. मग कापाच्या कडेवर मोहरीएवढे हिरवे ठिपके उमटतात, एक-दोन नाही, माझ्याकडे पहिल्याच फुटीला चौदा होते. ते पाहून आनंदाने सगळेच ठेवावेसे वाटतात. तसं केलंत तर कापाभोवती गळू आल्यासारखा फुगवटा होतो आणि तो पुढे लपत नाही. फुटवे बोटभर झाले की चार-पाच ठेवा, बाकी अंगठ्याने चोळून काढा. ठेवलेल्यांपैकी एक पुढचं खोड होणार. तो कापाच्या कडेवरचा, शक्यतो खोडाच्या वळणाला पुढे नेणाऱ्या बाजूचा निवडा. बाकीचे फांद्यांसाठी किंवा फक्त जोर टिकवण्यासाठी.

पुढच्या फेब्रुवारीत आडवा काप तिरका करायचा: निवडलेल्या फुटव्याच्या बुडापासून समोरच्या बाजूला उतरत. पहिल्याच दिवशी तिरका कापू नका, कारण फूट कुठून येईल हे झाडाने अजून सांगितलेलं नसतं. तिरक्या जखमेचा मधला भाग किंचित खोलगट कोरा, म्हणजे साल चढून आली की सपाट दिसेल, टेंगूळ येणार नाही.

तार, आणि तार काढायची तारीख

नव्या खोडाला वळण द्यायचं ते फुटवा सहा-आठ आठवड्यांचा, बुडाशी नुकता तपकिरी होऊ लागलेला असताना. त्याआधी तो बुडापासून निखळतो. कापावरची नवी फूट खोडाला फार कच्ची जोडलेली असते. एक हात बुडाशी घट्ट धरूनच वाकवा. अ‍ॅल्युमिनियमची तार, फांदीच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याची, ४५ अंशांत गुंडाळलेली, सालीला टेकलेली पण आवळलेली नाही. एका तारेत दोन शेजारच्या फांद्या घेतल्या की दोघी एकमेकींना धरून राहतात.

पावसाळ्यात एल्म झपाट्याने जाडावतो. मी जुलैत तार घातली, गणपतीत दहा दिवस गावी गेलो, परत आल्यावर आधी बॅगा उघडल्या, मग कपडे धुतले आणि गच्चीवर गेलो ते तिसऱ्या दिवशी. तार सालीत अर्धी बुडाली होती. उलगडायला गेलो तर सालीसकट निघू लागली, तेव्हा वायर कटरने प्रत्येक वेढ्याला तुकडा करत काढली. तो स्क्रूसारखा वळ अजून आहे. आता तार घातली की त्याच दिवशी फोनमध्ये चार आठवड्यांनंतरची आठवण लावतो. आणि तार नेहमी कापूनच काढा, पुन्हा वापरायच्या मोहाने उलगडू नका. मीटरभर तारेपेक्षा फांदी महाग.

फांद्या कात्रीने घडवायच्या

नवं खोड मोकळं वाढू द्या. त्याचं बूड खालच्या खोडाच्या निम्म्या ते दोन तृतीयांश जाडीचं झालं की ते कापा, यावेळी पहिल्या पेराहून तोकडं. पुन्हा नवा फुटवा, त्यातही तेच, त्याहून तोकडं. प्रत्येक कापाला खोड बारीक होत जातं आणि किंचित दिशा बदलतं. नर्सरीच्या एसमध्ये नेमकं हेच नसतं.

फांद्यांनाही तीच रीत. फांदी हवी तितकी जाड होईपर्यंत सोडायची, मग दोन पानं ठेवून कापायची. इथे तो एकाआड एक पानांचा स्वभाव कामाला येतो. समजा उजवीकडची फांदी पुढे जाऊन थोडी समोर वळायला हवी. मग जे पान समोरच्या बाजूला आहे त्याच्या जरा वर कापा. त्या पानाच्या बगलेतला डोळा फुटेल आणि फांदी तिकडे वळेल. पान आकाशाकडे असेल तर फांदी वर उसळेल, जमिनीकडे असेल तर बहुधा दुबळी राहील. काप डोळ्याला चिकटून देऊ नका, दोन-तीन मिलिमीटर सोडा, कारण टोक थोडं सुकतंच.

खोडाच्या एकाच उंचीवर समोरासमोर दोन फांद्या ठेवू नका, आणि वळणाच्या आतल्या बाजूला एकही नको. सगळ्यात खालची फांदी सगळ्यात जाड हवी. पण एल्मचा सगळा जीव शेंड्यात असतो, म्हणून शेंडा पुन्हा पुन्हा कापायचा आणि खालच्या फांद्यांना महिना-दोन महिने जास्त धावू द्यायचं. बहुतेकांचं नेमकं उलट होतं: खालची लांबलेली फांदी डोळ्यात खुपते, ती कापली जाते, आणि वरचा झुबका मात्र नेटका दिसतो म्हणून राहतो. दोन वर्षांत झाड पुन्हा झाडूसारखं.

जाडीचं काम संपलं की मगच बारीक छाटणी सुरू: कोंब सहा-सात पानांचा झाला की दोनवर आणा. या वारंवार कापण्यानेच फाटे वाढतात आणि पानं लहान होतात.

किडीचं थोडक्यात. उन्हाळ्यात पानं धुरकट, निस्तेज दिसली तर पांढरा कागद खाली धरून फांदी झटका. चालणारे ठिपके दिसले तर लाल कोळी. पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा तीन दिवसांआड. बेचक्यांत कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण, तो जुन्या टूथब्रशने. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून, संध्याकाळी. कुठलंही नवं औषध आधी एका फांदीवर मारून चार दिवस थांबा. एल्म रुसला तर सगळी पानं टाकून मोकळा होतो. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके येतात, तेव्हा ती पानं वेचा आणि आतली गर्दी विरळ करा.

पुन्हा कुंडीत

पहिल्या दिवसापासून धरलं तर पाच-सहा वर्षं जातात. मोठा काप सालीने झाकत आला, तीन-चार फांद्यांनी जाडी धरली, की फेब्रुवारीत टोपलीतून काढून मुळं पुन्हा तपासा आणि आता हवी तर उथळ कुंडी निवडा. खोली साधारण बुंध्याच्या जाडीएवढी, लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. एल्मच्या फिकट सालीवर मातकट किंवा राखी रंग खुलतो. भोकांवर जाळी, भोकांतून आत घेतलेल्या तारेने मुळांचा गोळा पक्का बांधणं, बांबूच्या काडीने मुळांच्या मधल्या पोकळीत माती सारणं, आणि खालून स्वच्छ पाणी निघेपर्यंत बारीक झारीने पाणी.

माझं झाड अजून टोपलीतच आहे. दुसऱ्या कापावर साल तीन बाजूंनी चढली, चौथ्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढं लाकूड उघडं आहे. त्या बाजूचा एक फुटवा या पावसाळ्यात मुद्दाम वाढवतोय, म्हणजे तिथली साल जरा लवकर पुढे सरकेल.